मुक्या पडद्यावरचा आवाज



 या संमेलनाला कोल्हापुरात कुणी गडचिरोलीहून तीन गाड्या बदलून आलंय, कुणी पणजीहून, कुणी बेळगावहून. बऱ्याच पाहुण्यांची उतरायची सोय आम्ही घराघरांतून केली आहे. त्यात काही उणं राहिलं तर हक्कानं सांगा. घर आपलंच आहे.

स्वागताध्यक्ष म्हणून इथे उभा असलो तरी मी कलेचा अभ्यासक नाही. माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी महाद्वार रोडच्या एका बोळात ते सुरू केलं आणि गेली चाळीस वर्षं मी ते सांभाळतोय. काच कापायची, पट्टी तासायची, माउंट बसवायचा, मागून चुका ठोकायच्या, हे माझं रोजचं काम. चित्रकाराचा आणि माझा संबंध क्वचित येतो. माझ्याकडे चित्र घेऊन येतो तो ते रोज पाहणारा माणूस. चित्र हातात आल्यावर माणूस त्याच्याशी काय करतो, ते कुठे लावतो, कधी उतरवतो, हे मी जवळून बघत आलो. कलेत प्रेक्षकाला अर्थ सापडतो कसा, हा या संमेलनाचा विषय ठरल्याचं कार्यकर्त्यांनी सांगितलं, तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवलं ते एक कुत्रं.

१९२५ साली बाबूराव पेंटरांनी याच गावात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरी आपट्यांची गोष्ट. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत राबायला जातो. तरुण शेतकऱ्याच्या कामात शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे आपले व्ही. शांताराम. या मूकपटातल्या एका दृश्याची आठवण निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी पुढे सांगून ठेवली आहे. उदास, अंधारी झोपडी, तिच्यावर अगदी मोजका उजेड, आणि कुत्र्याचं रडणं.

आता जरा विचार करा. चित्रपट मुका. बोलपट आपल्याकडे आला १९३१ साली, म्हणजे अजून सहा वर्षं जायची होती. तरी पाहणाऱ्याच्या आठवणीत ते कुत्रं रडतंय. हा आवाज आला कुठून?

कुणी म्हणेल, तेव्हा थेटरात पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसायचे, त्यांच्यातल्या कुणी काढला असेल. काढलाही असेल. पण मला वाटतं, तो नसता काढला तरी लोकांना ऐकू आला असता. आमच्याकडे रात्री कुत्रं रडायला लागलं की घरातलं म्हातारं माणूस अंथरुणातून म्हणतं, हाकला रे त्याला. ते रडणं काय सांगतं, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही. असा माणूस तिकीट काढून आत बसतो, समोर विझत चाललेल्या घराची झोपडी दिसते, कुत्र्याचं वर गेलेलं तोंड दिसतं, आणि आवाज तो स्वतःच्या गावातून आणतो.

पण हे सगळं श्रेय प्रेक्षकाला देऊन चालणार नाही. बाबूराव पेंटर, मूळचे मेस्त्री, हे आधी पडदे रंगवणारे. आनंदराव आणि बाबूराव या नात्यातल्या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. चित्रपटाचं वेड लागल्यावर कॅमेरा स्वतः बनवायचा असं ठरवलं. १९१६ साली आनंदराव गेले तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी घेऊन तो कॅमेरा पुरा केला. त्यांच्या चित्रपट कंपनीला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. ‘सिंहगड’ला, १९२३ साली, बाबूरावांनी विजेचे दिवे लावून चित्रण केलं. काळोख हाही एक रंग आहे हे कळलेला तो माणूस होता. झोपडीचा किती भाग दाखवायचा आणि किती काळोखात ठेवायचा, हे त्यांनी नेमकं ठरवलं. त्या काळोखात पाहणाऱ्याला जागा मिळाली. गाण्यात आपण म्हणतो ना, गवयानं जागा घेतली. तशी बाबूरावांनी जागा सोडली, आणि ती प्रेक्षकानं घेतली.

तो मूकपट आज उपलब्ध नाही. फिल्म गेली, झोपडी गेली. राहिलं ते कुणाच्या तरी आठवणीतलं कुत्र्याचं रडणं.

ही गोष्ट मी वाचली होती आणि विसरूनही गेलो होतो. ती पुन्हा समोर आली २०१६ साली. एप्रिलच्या शेवटी ‘सैराट’ लागला. माझ्या दुकानात तेव्हा करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा कामाला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. रात्रीचा खेळ बघून आला आणि सकाळी काच पुसता पुसता थांबला. म्हणाला, “मालक, शेवटाला ते पोरगं काय रडतंय वो! रातभर डोक्यातनं जाईना.” मी आदल्या आठवड्यातच बघून आलो होतो. मी म्हटलं, अरे, शेवटी आवाजच नाही. सगळं बंद केलंय. तो ऐकेना. “न्हाई मालक, मी ऐकलंय. मोठ्यानं रडतंय.” आमची पैज लागली. त्या रविवारी आम्ही दोघं मिळून गेलो.

शेवट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारीण त्या लहानग्याला दारापर्यंत आणून सोडते. तो आत जातो, मारले गेलेले आईवडील पाहतो, रडत मागे फिरतो, आणि त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताचे ठसे फरशीवर उमटत जातात. दोन-अडीच तास ज्या चित्रपटानं लोकांना खुर्चीवरून उठून नाचायला लावलं, त्याचा आवाज इथे पूर्ण काढून घेतलेला आहे. थेटरात पंख्यांची घरघर तेवढी येत होती. माझ्या शेजारी तो मुलगा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. दिवे लागल्यावर म्हणाला, “आवाज न्हाई खरं. पण मला आत्ताबी आला.”

पैज मी जिंकलो असं मला आजही वाटत नाही. कारण त्या दुसऱ्या वेळी मलाही ते रडणं ऐकू आलं होतं. नव्वद वर्षांच्या अंतरानं दोन दिग्दर्शकांनी, एकानं आवाज नव्हता म्हणून आणि दुसऱ्यानं असलेला आवाज काढून घेऊन, पाहणाऱ्याच्या छातीत हात घातला. प्रेक्षकाला अर्थ सापडतो कसा, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे. कलाकार काहीतरी राखून ठेवतो, आणि आपण आपल्या आयुष्यातलं काहीतरी काढून तिथे ठेवतो.

मग ज्याला जो वाटेल तो अर्थ खरा का? आमच्या तरुण कार्यकर्त्यांत या मुद्द्यावर दोन बैठका गाजल्या. माझं मत स्वच्छ आहे: नाही. बाबूरावांच्या त्या झोपडीत कुणाला सनई ऐकू आली नाही. जागा मोकळी असते, पण तिला चौकट असते. चौकटीच्या धंद्यातला माणूस म्हणून हे मी जरा अधिकारानं सांगतो.

आणि लोक एकत्र बसून अर्थ लावतात तेव्हा काय होतं, हे इंग्रज सरकारला आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाभारतातली कथा, विराटाचा दरबार, पात्रं सगळी पुराणातली. त्यात इंग्रजांचं नाव नाही, व्हाइसरॉय कर्झनचं नाही, हिंदुस्थानचं नाही. पण नाटकगृहात बसलेल्या माणसाला कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, सबुरीनं घेणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कुणी कानात सांगावं लागलं नाही. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. बंदी कुठल्या वाक्यावर घालणार? छापील पुस्तकात दाखवता येईल असा गुन्हा नव्हताच. तो पिटात बसलेल्या लोकांच्या मनात घडत होता. पुढे बाबूरावांनी पहिला चित्रपट काढला तो ‘सैरंध्री’च, १९२० साली. त्यातला कीचकाचा वध इतका हुबेहूब झाला की तो भाग कापावा लागला. बाबूरावांनी ही कथा निवडली त्याला आणखीही कारणं असतील. पण तेरा वर्षांपूर्वीचा कीचक प्रेक्षक विसरले असतील, असं मला वाटत नाही.

याच गावात १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभं केलं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. खासबागेच्या बाजूला जमलेल्या गर्दीत मीही होतो. ज्वाळा वर निघत होत्या आणि लोक मोठ्यानं बोलत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या, ओळख ना पाळख अशा एका बाईंनी मला सांगितलं, त्या आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या मांडीवर बसून तिथे त्यांनी पहिलं नाटक पाहिलं. नाटकाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. मखमली पडदा वर जाताना आलेला वास आठवत होता. पाहुण्या मंडळींना सांगायला हवं, या गावात कला ही अशी घरच्या माणसासारखी आहे. आज इथे बसलेल्यांत त्या रात्री तिथे उभे असलेले पुष्कळ आहेत.

आता मिश्रमाध्यमाबद्दल, म्हणजे एकाच कलाकृतीत अनेक माध्यमं वापरण्याबद्दल. हा शब्द ऐकला की आमच्या वयाची माणसं जरा दबकतात. मोठ्या शहरातल्या दालनातली, आपल्याला न समजणारी काहीतरी गोष्ट असणार, असं वाटतं. मला तो समजला माझ्या दुकानाच्या टेबलावर.

पाच-सहा वर्षांपूर्वी शनिवार पेठेतल्या एक आजी जुनी तसबीर घेऊन आल्या. काच तडकली होती. लक्ष्मीचं चित्र, रविवर्म्याच्या छापखान्यातल्या चित्रांच्या धाटणीचं. रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना घातला आणि राजवाड्यातल्या देवता सामान्य लोकांच्या घरात आल्या, हा इतिहास आपण जाणता. मी तसबीर पालथी घातली, गंजलेल्या चुका पकडीनं एकेक काढल्या, मागची फळी उचलली, कसर झटकली आणि चित्र सुलटं केलं. पाहतो तर लक्ष्मीच्या लुगड्याचा काठ खऱ्या जरीचा. पदरावर बारीक टिकल्या शिवलेल्या. गळ्यात सुईनं ओवून चिकटवलेले काळे मणी. नाकात नथीच्या जागी मोत्याचा एक दाणा. खालचं छापील चित्र चेहरा आणि हात एवढंच उरलं होतं. बाकी सगळं कुणीतरी हातानं केलेलं.

आजी म्हणाल्या, “माझ्या आजेसासूबाईंनी केलंय. त्यांना माहेरी पाठवत नव्हते. दुपारी करत बसायच्या म्हणे.”

एक टिकली सुटून चौकटीच्या कोपऱ्यात पडली होती. मी म्हटलं, बसवून देतो. तर म्हणाल्या, मी बसवते. मी चिमटा आणि फेविकॉलची बाटली पुढे केली. त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि हात थरथरत असूनही ती टिकली बरोबर जागेवर ठेवली. मग बोटानं दाबून धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्या चित्राचा अर्थ काय? छापखान्यानं लक्ष्मी छापली होती. आजेसासूनं तिला ते सगळं लेणं घातलं, जे तिला स्वतःला कदाचित अंगावर घालायला मिळत नसेल. नातसुनेनं एक टिकली बसवली. अशी जरी-टिकल्यांनी सजवलेली रविवर्म्याची चित्रं आज संग्रहालयांत मानानं ठेवलेली असतात. छापील कागद, कापड, जर, मणी, मोती, माध्यमं मोजा. पाहणारी बाई थेट चित्रात हात घालते, याहून मोठा रसास्वाद मी पाहिलेला नाही.

असंच मिश्रण घेऊन उद्या दुपारी आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी येत आहेत. ठाकर समाजाची ही कला, सावंतवाडीच्या संस्थानानं पोसलेली. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि अनेकांनी पिंगुळीचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. सुटे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कथेकरी एक चित्र उभं धरतो, वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीनं गातो, बोलतो आणि पुढचं चित्र लावतो. माझी आपल्याला विनंती आहे, दोन चित्रांच्या मधल्या क्षणाकडे लक्ष ठेवा. एक चित्र खाली जातं, दुसरं वर यायचं असतं, आवाज चालू असतो. त्या रिकाम्या क्षणी आपल्याला युद्ध दिसतं. कागदावर घोडा उभा असतो. तो धावतो आपल्या डोक्यात.

मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी यांच्या कामाबद्दल उद्या सकाळी सविस्तर व्याख्यान आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. पारदर्शक पटलांचे मोठे नळे छताला टांगलेले असतात. त्यांच्यावर आतल्या बाजूनं, उलटं रंगवलेलं असतं. ते सावकाश फिरतात, त्यांतून प्रकाश जातो आणि भिंतीवर सावल्या सरकत राहतात. चित्रपट, चित्र, आवाज, छायाखेळ, सगळं एका खोलीत. पाठीमागून रंगवायची ही रीत आपल्या जुन्या वाड्यांतल्या काचचित्रांची. त्या रीतीत चित्रकाराला सगळं उलट्या क्रमानं करावं लागतं: डोळ्यातली बाहुली आणि दागिन्याचा खडा आधी, मागचं आभाळ सगळ्यात शेवटी. काचेचं काम करणाऱ्याला यातली जोखीम कळते, कारण चूक झाकायला जागा नसते. आणि त्या खोलीत उभं राहिलं की आपली सावलीही त्या भिंतीवर पडते. देवता, जखमी माणसं, जनावरं सरकत जातात आणि मधे आपण. तिथून पुढे आपल्याला फक्त बघणारा म्हणवून घेता येत नाही.

अशा कामापुढे माणूस म्हणतो, “मला काही कळलं नाही.” हे वाक्य म्हणणाऱ्याचा फार अपमान होतो आपल्याकडे. मी स्वतः एका मोठ्या शहरातल्या दालनात तो अनुभवला आहे. भिंतीवरची माहिती सगळी इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि एका कामापुढे मी जरा जास्त वेळ थांबलो तर रखवालदारानं पुढे व्हायला सांगितलं. चाळीस वर्षं चित्रं हाताळलेला माणूस मी, त्या दिवशी परका होऊन बाहेर आलो. याचं दुःख आजही आहे. म्हणून या संमेलनातल्या प्रदर्शनात प्रत्येक कामाशेजारी मराठीत, मोठ्या अक्षरांत, चार ओळींपेक्षा जास्त नाही इतकी माहिती लावायची असा आग्रह मी धरला. काम कशाचं केलंय, कधी केलंय, कुणी केलंय, एवढंच त्यात आहे. अर्थ लिहिलेला नाही. तो लिहिणं म्हणजे आजींच्या हातातला चिमटा काढून घेणं.

आणि कळलं नाही म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. ते वाक्य बोलून पुढे जाऊ नका. बोला आणि तिथेच थांबा. आपल्या रसशास्त्रातल्या अभिनवगुप्तांनी रसिकाला सहृदय म्हटलं. त्यात हृदयाची अट घातली, पदवीची घातली नाही. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी १९३६ साली शांताराम आठवल्यांनी बी आणि झाडाच्या दृष्टान्ताचं एक पद लिहिलं. ते तुकोबांचंच आहे असं समजून जाणत्यांनी गाथेत शोधलं. लोकांनी ते गाथेत शोधलं नाही, थेट मनात घेतलं. पण त्याच चित्रपटातली तुकोबांची बायको जिजाईही त्यांनी तितकीच मनात घेतली, पोराच्या आजारपणात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात गेलेली जिजाई. भक्तीच्या चित्रपटातली ही भांडणारी बाई बायकांनी आपलीशी करून टाकली. त्यांना ती कुणी समजावून दिली नव्हती.

आता व्यवस्थेबद्दल दोन गोष्टी सांगून मी थांबतो. या तीन दिवसांत जितके चित्रपट दाखवले जातील, त्यांच्या शेवटी सभागृहाचे दिवे दोन मिनिटं लागणार नाहीत. ऑपरेटरला तसं सांगून ठेवलं आहे. त्या दोन मिनिटांत कृपया मोबाइल काढू नका, उठू नका, शेजाऱ्याला मत विचारू नका. नंतरच्या चर्चेत पहिले पाच जण समीक्षक नसतील, प्राध्यापक नसतील, अशी विनंती मी त्या मंडळींनाच केली आणि त्यांनी ती आनंदानं मान्य केली. त्या पाच जणांनी दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं हे सांगू नये. आपल्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि ते ऐकताना आपल्याला आपलं कोण आठवलं, एवढंच सांगावं. बोलीभाषेत सांगावं. पाच वाक्यं पुरेत.

माझ्या दुकानातला तो मुलगा आता गावी स्वतःचं दुकान चालवतो. तो आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. पहिल्या चर्चेत पहिला बोलायला मी त्यालाच उभं करणार आहे. त्याच्यानंतरच्या चार जागा मोकळ्या आहेत. नावं दारातल्या स्वयंसेवकाकडे द्या.

पहिला खेळ सव्वाअकराला सुरू होईल.